डाव्या हाताचा कॉबलर

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमध्ये ऑगस्ट लागला की ब्लॅकबेरी कुणाच्या बापाची नसते. कुंपणावर, नाल्याच्या काठाने, शाळेच्या मैदानामागे, हायवेच्या उतारावर, जिथे म्हणून माणसाचं लक्ष नाही तिथे तिची काटेरी जाळी माजलेली असते. तिथले लोक तिला तण समजतात. घरामागे वाढली तर शनिवारी सकाळी जाड हातमोजे घालून, शिव्या देत तोडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा तिथेच उभी असते. तिला हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. हिमालयाचा तिच्याशी काय संबंध हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही. माझ्या आईला मात्र ते नाव फार आवडलं. "म्हणजे ही पण तिकडूनच आली," ती म्हणाली. "कोणी बोलावलं नव्हतं, तरी चांगली रुजली."

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. आई नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. त्याआधी वडील गेले होते आणि ती शाळेतून निवृत्त झाली होती. म्युनिसिपालिटीच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून तिने सगळी नोकरी काढली. पण आमच्या वस्तीत तिची ओळख शाळेमुळे नव्हती, रोटीमुळे होती. मडक्यावरची लांब रोटी. लग्न असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाचं बारसं असो, रोटी करायला आईला बोलावणं यायचंच.

ही रोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. गव्हाची कणीक सैल भिजवायची आणि परातीत आपटायची. नुसती मळायची नाही, उचलून उचलून आपटायची, इतकी की तिला तार सुटते आणि ती हातातून ओघळायला लागते. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा. पदराएवढी रुंद आणि तितकीच पातळ झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर ती अलगद टाकायची. माझ्या हातून ती दर वेळी फाटली. आईच्या हातून फाटलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या दंडांकडे पाहिलं तर ही बाई मुलांना पाढे शिकवते यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

आम्ही बौद्ध. नागपुरात वस्तीचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. आईच्या शाळेत दुपारी सगळ्या शिक्षिका एकत्र डबे उघडत, एकमेकींच्या डब्यात हात घालत. आई ज्या दिवशी रोटी आणि वांग्याची भाजी घेऊन जायची त्या दिवशी नेमका सगळ्यांचा उपवास असायचा. सोमवार असो, गुरुवार असो. एकीला संकष्टी, दुसरीला प्रदोष, तिसरीचं पोट बिघडलेलं. वाईट कुणी बोलत नसे. उलट फार गोड बोलत. आई डबा तसाच घरी आणायची आणि आम्ही भावंडं संध्याकाळी त्यावर तुटून पडायचो. आम्हाला वाटायचं, आई आमच्यासाठीच जास्तीची नेते. मोठी झाल्यावर मला कळलं आणि मी इतकी चिडले की तिच्या शाळेत जाऊन भांडायला निघाले होते. आईने मला दारातच धरलं. "काय सांगशील त्यांना?" ती म्हणाली. "जबरदस्तीनं चारशील?"

चिडणं हा माझा स्वभावच. माझा नवरा म्हणतो की मी रागात जन्मले आणि वाटेत कुठे थांबलेच नाही. तो मुंबईचा, शांत, आणि कशातही खोट शोधू नये असं मानणारा.

बेलव्ह्यूला तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी फार नव्हती. आमचं एक मंडळ होतं. दिवाळीला एखाद्या चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचा, आणि ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या पार्कात पिकनिक. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. कुणी काय आणायचं हे एक काकू फोनवर ठरवून देत. त्या पुण्याच्या, मंडळात वयाने सगळ्यांत मोठ्या, देवाधर्माच्या, आणि कामाला वाघ. त्यांच्याशिवाय मंडळ एक दिवस चाललं नसतं. आम्ही मंडळात आल्यापासून दर वेळी त्यांचा फोन यायचा आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "तुम्ही दोघं जॉब करता बाई, तुम्हाला कशाला त्रास. तुम्ही आपल्या पेपर प्लेट्स आणि ज्यूस आणा."

आता हे आमच्या सोयीचं होतं की आमच्या आडनावाचं, हे देवालाच ठाऊक, आणि देवाशी आमचं बोलणं नव्हतं. नवरा म्हणायचा, बरं झालं, स्वयंपाक वाचला. मी फोन ठेवून उगाच भांडी आपटायचे आणि दुकानातून प्लेट्स आणायचे.

त्या वर्षी फोन आला तेव्हा आई ओट्याशी लसूण सोलत होती. मी बोलणं संपवलं.

"काय न्यायचं आहे आपण?" आईने विचारलं.

"प्लेट्स."

"आणि प्लेटमध्ये?"

"ते बाकीचे आणतात."

तिने लसणाची आणखी एक पाकळी सोलली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी काहीतरी करते. तू फोन करून सांगू नको. नुसतं नेऊन ठेवू."

ती काय मागत होती हे मला पुरतं कळत होतं. ज्या टेबलावर मराठी माणसं जेवतात तिथे तिच्या हातचं ठेवलं जावं आणि ते खाल्लं जावं, एवढंच. त्यासाठी ती अर्धं जग ओलांडून आली नव्हती, पण आलीच होती तर तिला तेही बघायचं होतं. आणि मला वाटत होतं, इथेही सगळ्यांचा उपवास निघाला तर मी काय करू? नागपूरला निदान शाळेत ते बघायला मी नव्हते.

तिने अर्थातच आधी रोटीचा विचार केला. मडकं नव्हतं, म्हणून स्टीलचं मोठं पातेलं विजेच्या शेगडीवर पालथं घातलं. रोटी त्यावरून घसरली, शेगडीच्या लाल कड्यावर पडली, आणि धुराचा अलार्म असा बोंबलायला लागला की शेजारची म्हातारी स्लिपर घालून धावत आली.

ही आमची शेजारीण. एकटी राहायची, वयाने आईहून मोठी, शेतावर वाढलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आई आली त्या आठवड्यात ती काचेच्या तसराळ्यात ब्लॅकबेरी कॉबलर घेऊन आली होती. खाली फळांचा दाट, जांभळा, आंबटगोड रस, वर लोण्याच्या मैद्याचे खरपूस गोळे, आतून मऊ. आईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग तिने रिकामं भांडं परत कसं द्यायचं म्हणून त्यात मूगवडे भरून दिले. म्हातारीने ते कुंपणापाशी उभ्या उभ्या खाल्ले, बोटं चाटली आणि विचारलं, "अजून आहेत?" आईला शाळेतलं इंग्रजी येत होतं, तेवढं पुरलं. घरात येऊन ती मला म्हणाली, "बाईनं विचारलं बी नाही कशाचे आहेत." त्या दिवसापासून ती म्हातारी आईच्या मनात जी बसली ती बसलीच.

अलार्म बंद झाल्यावर म्हातारीने पालथं पातेलं, जळालेली रोटी आणि आईचा पडलेला चेहरा पाहिला. पिकनिकचं मी तिला सांगितलं. नेमकं काय लागून राहिलं होतं तेही सांगितलं, कारण मला राग आला की माझ्या तोंडाला झाकण राहत नाही. म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कॉबलर न्या. कॉबलरला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

आई विचारात पडली. "फळ इथलं, रीत इथली," ती म्हणाली. "फक्त हात माझा." आणि तिने ठरवलं.

बेरी तोडणं तिला एका सकाळीत जमलं. साडीवर माझ्या नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात त्याचेच बूट. म्हातारीने घरामागून एक लांब फळी दिली होती. ती जाळीवर आडवी टाकायची आणि तिच्यावर पाय देऊन आत शिरायचं, म्हणजे काटे खाली दबतात. चांगल्या बेरी आतच असतात. मी चमकणाऱ्या, काळ्याभोर बेरी वेचत होते. आईने माझ्या भांड्यात डोकावून पाहिलं आणि एक खाऊन तोंड वाकडं केलं. "चमकते ती कच्ची," ती म्हणाली. "जिची चमक गेली ती पिकली. अन् ओढावी लागली तर राहू दे तिला." हे तिला म्हातारीने सांगितलेलं नव्हतं. बोरं आणि टेंभरं खात वाढलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही. हात नुसता खाली धरायचा आणि अंगठ्याने जरासं लोटायचं, पिकलेली आपणहून तळव्यात येते. माझी मुलगी आजीच्या पाठीमागून ओरडत होती, "आजी, बी केअरफुल, देअर आर बीज!" आणि आजी मधमाश्यांना हाताने बाजूला सारत होती.

खालचा रसही तिने पहिल्या फटक्यात जमवला. बेरी धुवायच्या नाहीत, धुतल्या तर पाणी धरतात. नुसत्या निवडायच्या. साखर किती, हे फळ चाखून ठरवायचं. जाळीच्या सावलीतली आंबट असते, उन्हातली गोड. त्यात लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, रस दाट व्हायला थोडं कॉर्नफ्लॉवर. मी म्हटलं, वेलची घाल ना थोडी, आपल्या लोकांना आवडेल. आईने मान हलवली. "तिचा वास तिला आहे ना. काऊन दाबायचा?"

अडलं ते वरच्या मैद्यापाशी.

मैद्यात बेकिंग पावडर, मीठ, जराशी साखर, आणि फ्रिजमधून काढलेलं घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. इथवर आई खूश होती. "हे तर मोहनच झालं, शंकरपाळ्याला घालतो तसं. फक्त थंड." मग त्यात गार ताक घालायचं. आणि ताक घातल्यावर जवळजवळ काहीच करायचं नाही. इथे सगळं फिसकटलं. ताक पडलं, पीठ ओलं झालं, आणि आईचे हात आपोआप कामाला लागले. तिने ते पीठ मळलं. मळून झाल्यावर आपटलं. डोळ्यांनी माझ्याशी बोलत होती, हात आपले परातीत दणके देत होते. शिकवायला येऊन बसलेली म्हातारी खुर्चीतून उठेपर्यंत पिठाला तार सुटली होती.

भाजून बाहेर आलं ते दिसायला सुरेख होतं. म्हातारीने चमचा मारला, तो टणकन वाजला. नवऱ्याने एक गोळा उचलून टेबलावर ठोकून पाहिला आणि म्हणाला, "आई, हा रस पॅक करून नागपूरला पाठवायचा असेल तर झाकण चांगलं आहे." आई हसली, पण तिचं हसणं मला माहीत आहे. ते खोटं होतं.

गव्हाला जितकं मळाल तितकी त्याला चिवटाई येते. रोटीला तीच हवी असते, कॉबलरला ती नको असते. आईला हे समजायला एक वाक्य पुरलं, पण समजणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा केलं. ताक घातलं, मनात ठरवून घेतलं, आणि बोटं बुडवली मात्र, मनगट वळलंच. तिसऱ्या वेळी म्हातारी शेजारी उभी राहिली आणि तिने आईच्या मनगटावर स्वतःचा हात ठेवला. "थांब. आता बास. गाठी दिसतात ना? दिसू दे. त्या गाठींमुळेच ते हलकं होतं." आईने दात ओठ खाऊन हात काढला, म्हातारी ओव्हन बघायला वळली, आणि तेवढ्यात आईने पिठाला दोन दणके देऊन टाकले. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारी इतकी हसली की तिला बसावं लागलं.

आई हसली नाही. तिने हात धुतले आणि खिडकीशी उभी राहिली. "हात ऐकूनच नाही राहिला," ती म्हणाली. "आयुष्यभर हेच केलं. आता तेच आडवं येऊन राहिलं." मला रडू यायला लागलं. पिकनिक परवावर आली होती. मी म्हटलं, जाऊ दे ना आई, मी करते कॉबलर, तू बेरीचं बघ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परात घासायला घेतली. मी केलेलं नेऊन काय उपयोग होता?

पिकनिकच्या दिवशी सकाळी मी उठून खाली आले तर आई ओट्याशी उभी होती आणि काहीतरी विचित्र दिसत होतं. आधी मला कळेना काय. मग लक्षात आलं. तिने उजवा हात पाठीमागे नेऊन साडी कमरेशी घट्ट धरली होती, शाळेत मुलांना हाताची घडी घालून बसवतात तसा स्वतःचा हात तिने बसवून ठेवला होता. डाव्या हातात काटा होता. त्या काट्याने ती पीठ कालवत होती. कालवत तरी कसली, चाचपडत होती. दोनदा काटा भांड्याला लागून निसटला. सुकं पीठ कडेला तसंच राहिलं, लोण्याचे खडे तसेच दिसत होते, सगळं ओबडधोबड.

"याला मळायचं शिक्षण नाही," ती डाव्या हाताकडे बघून म्हणाली. "याला काहीच येत नाही. म्हटलं, आज यालाच घ्यावं."

मी आ वासून बघत राहिले. आमच्या घरात डाव्या हाताने पाण्याचा पेला दिला तरी टप्पल बसायची. डावा हात कशासाठी असतो हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. अन्नाला तो लावायचा नाही हे आईने मला, मी माझ्या मुलीला, रागावून रागावून शिकवलेलं. आणि ही बाई मंडळाच्या पिकनिकचा पदार्थ डाव्या हाताने करत होती.

"काट्याने करून राहिली ना मी," ती माझा चेहरा पाहून म्हणाली. "हात कुठे लावला? अन् साबणानं दोनदा धुतला." मग हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नको."

तिने ते पीठ चमच्याने बेरींवर टाकलं, अंतर सोडून सोडून, म्हणजे मधून रस वर उकळायला जागा राहते. भाजताना घरभर जो वास सुटला तो मला आजही आठवतो, लोण्याचा आणि जांभळा. म्हातारी कुंपणापलीकडून वासावर आली. कडेचा रस दाट होऊन सावकाश बुडबुडे यायला लागेपर्यंत तिने बाहेर काढू दिलं नाही. मग एका गोळ्याचं टोक मोडून तिने तोंडात टाकलं. आईने काटा पुन्हा हातात धरून कसं केलं ते तिला दाखवलं. तो डावा हात उचलून म्हातारीने आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दाबला. आईबद्दल मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला कधी वाटलेला नाही. साठी ओलांडलेल्या बाईने, जे तिला सगळ्यांत चांगलं येत होतं ते बाजूला ठेवलं होतं.

पार्कात लांब टेबल मांडलं होतं. मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड, गुलाबजाम. मी प्लेट्सचा गठ्ठा ठेवला आणि त्याच्या शेजारी कॉबलर. आई टेबलाकडे पाठ करून घडीच्या खुर्चीवर तळ्याकडे बघत बसली. मी तिच्या मागे उभी राहिले, टेबल दिसेल अशी.

कितीतरी वेळ त्याला कुणी हात लावला नाही. लोक यायचे, बघायचे, श्रीखंड घ्यायचे. एकाने विचारलं, "अंडं आहे का यात?" मी म्हटलं, नाही. "श्युअर?" मी म्हटलं, माझ्या आईने केलंय, तिला माहीत आहे तिने काय घातलंय. नवऱ्याने माझा दंड धरला. मग काकू टेबल नीट करत करत आल्या. वाकून बघितलं. "अगंबाई, हे कुणी आणलं?"

"माझ्या आईने केलंय," मी म्हटलं. "घ्या ना."

"छान दिसतंय गं," काकू म्हणाल्या. "पण आज माझी एकादशी आहे."

मी वळून आईच्या पाठीकडे पाहिलं. ती हलली नाही, फक्त खांदे जरासे खाली आले. आमच्या घरी एकादशी पाळत नाहीत, त्यामुळे कधी असते ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात पोरांची टोळी तळ्यातून ओली धावत आली. माझी मुलगी पुढे. "गाईज, माय आजी मेड कॉबलर!" त्या पोरांना श्रीखंडाचं काय कौतुक. त्यांनी जे सुरू केलं ते बघून त्यांच्या आया आल्या, मग बाप आले. अंड्याचं विचारणारे गृहस्थ दोनदा घेऊन गेले. कुणीतरी विचारलं, "यार, रेसिपी कुणाकडे आहे?" बघता बघता भांडं कोपऱ्यांपर्यंत खरवडलं गेलं. एक मुलगा चमच्याने काचेला लागलेला रस काढत होता, त्याची आई त्याला रागवत होती आणि स्वतः चमचा शोधत होती.

आई वळून बसली होती आणि सगळं बघत होती. हनुवटीखाली हात धरून, वर्गात मुलं बरोबर उत्तर देतात तेव्हा बसायची तशी. लोक येऊन तिला नमस्कार करत होते, मावशी, फार छान झालंय म्हणत होते. मी खूश होते आणि मला अजूनही काकूंचा गळा धरावासा वाटत होता.

परतताना गाडीत रिकामं भांडं आईच्या मांडीवर होतं. "सगळं संपलं, आई," मी म्हटलं.

"हो नं. खूप खाल्लं पोट्ट्यांनी." ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या बाईचा उपवासच असेल." शाळेतून डबा परत आणल्यावर ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात. एवढ्या सगळ्यांनी खाल्लं होतं आणि तिच्या मनात जो अडकला होता तो एक न खाल्लेला घास. मी बोलले असते तर नवऱ्याला गाडी थांबवावी लागली असती.

रविवारी सकाळी चहा होत होता तेव्हा फोन वाजला. काकू होत्या. मी मनात वाक्यं जुळवायला लागले.

"तुझ्या आईंना दे बाई जरा," त्या म्हणाल्या.

मी आईला रिसीव्हर दिला आणि कान जवळ नेला. काकूंचा आवाज तसाही मोठाच. "नमस्कार हो. काल बोलणं झालं नाही, मी मेली त्या प्लेटा आणि पोरांच्या मागे. ऐका, काल पोरं तुटून पडली तेव्हाच सगळं संपेल म्हणून मी कोपऱ्यातला तुकडा फॉइलमध्ये बांधून पर्समध्ये ठेवला होता. आज सकाळी पारणं फेडलं ते त्याच्यावरच. आधी तो खाल्ला, मग चहा. वरचं इतकं हलकं कसं केलंत तुम्ही? माझी दिवाळीची खारी शंकरपाळीसुद्धा अशी होत नाही. तुमच्या हाताला काय चव आहे हो. दिवाळीला प्लेट्स दुसरं कुणीतरी आणेल, तुम्ही असेपर्यंत तुमच्या घरून हेच."

आई म्हणाली, "हो, हो. करीन. काही कठीण नाही." तिने फोन ठेवला आणि स्टुलावर बसली. मग तिला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. डावा हात समोर धरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "उजव्याचं कोणी खाल्लं नाही. अन् याच्यावर त्या बाईनं एकादशी सोडली. सांगू नको हं तिला."

हसता हसता तिचं हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने पदराने तोंड पुसलं.

"खरंच उपवास होता बाई तिचा," ती म्हणाली. "पहिल्यांदा कोणाचा तरी उपवास खरा निघाला."